नसलेली रेघ

सुईबाईंना शिवणकाम येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरात शर्टाचं बटण तुटलं तर ते त्यांचे यजमान लावत. बसच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इंजिनं उघडून बंद केलेल्या माणसाला बटणाचं काय मोठंसं! बाईंची सुई वेगळी होती. ती एका मोठ्या संस्थेच्या तळघरात, पिंपाएवढ्या स्टीलच्या भांड्यात टांगलेली असे. भांड्यातली हवा सगळी काढून घेतलेली, आणि भोवती द्रवरूप हेलियम. इतकी थंडी की आत हवा असती तर तीसुद्धा गोठली असती.

काम ऐकायला सोपं होतं. तांब्याचा एक गुळगुळीत तुकडा घ्यायचा, त्यावर सेंद्रिय पदार्थाचे रेणू विरळ पसरायचे आणि वरून सुई फिरवायची. सुई टेकवायची मात्र नाही. ती घड्याळात असते तसल्या इवल्याशा क्वार्ट्‌झच्या दांडीला चिकटवलेली असते, आणि दांडी सारखी थरथरत असते. टोक एखाद्या अणूच्या फार जवळून गेलं की त्या थरथरीची लय अगदी किंचित बदलते. तो बदल एकेक ओळ करत टिपत गेलं की पडद्यावर रेणूचं चित्र उमटतं. शाळेच्या पुस्तकात षटकोन काढून दाखवतात, तस्सा रेणू. पहिल्यांदा बघणारा तोंडात बोट घालतो.

पण नुसत्या धातूच्या टोकाने हे जमत नाही. टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू, एकच, उचलून अडकवावा लागतो. कार्बन वर धातूला धरून आणि ऑक्सिजन खाली. इथेच भल्याभल्यांची दातखीळ बसे. परदेशात शिकून आलेले, नावापुढे चार-चार पदव्या लावणारे दोन-दोन दिवस त्या पडद्यापुढे बसून रडकुंडीला येत. रेणू उचलायला जावं तर तो निसटे, नाहीतर भलताच काहीतरी कचरा टोकाला चिकटे. मग कोणीतरी म्हणे, "सुईबाईंना बोलवा." बाई येत, चपला दाराशी काढत, खुर्ची पुढे ओढत आणि तासाभरात रेणू टोकाला लावून देत. कसा, म्हणून विचारलं तर म्हणत, "जवळ गेल्यावर थोडं थांबायचं. घाई केली की तो पळतो." आता ह्याला काय शास्त्र म्हणायचं? पण येत होतं खरं, आणि दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

तळघराचे रिवाजही होते. मोठ्याने बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत, मोजणी चालू असताना लिफ्ट बंद. बाईंना हळू बोलायची इतकी सवय लागली होती की घरीसुद्धा त्या कुजबुजत. यजमानांचे कान इंजिनांनी निम्मे खाल्लेले. ते ओरडून विचारत, "काय म्हणालीस?" आणि बाई आणखी हळू सांगत. शेजाऱ्यांना वाटे, ह्या घरात नवरा सारखा भांडतो आणि बायको बिचारी गप्प बसते. प्रत्यक्षात नवरा फक्त मीठ मागत असे.

बाईंना एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी चोवीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. शोधनिबंधावर नाव.

ह्या लोकांत निबंधावरचं नाव म्हणजे सगळं. कोणी काय शोधलं, कोण कोणाच्या पुढे, कोणाला बढती, सगळं त्या वरच्या ओळीवर. बाईंच्या सुयांवर एकोणीस निबंध निघाले. एकोणीस वेळा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात एक वाक्य आलं : 'तांत्रिक साहाय्याबद्दल प्रयोगशाळेच्या कर्मचाऱ्यांचे आभार.' कर्मचारी म्हणजे कोण? एकट्या बाईच. अनेकवचन लावून माणूस कसा नाहीसा करता येतो, ते ह्या मंडळींकडून शिकावं.

सासूबाई मात्र नेमकं बोट ठेवायच्या. नव्वदीला टेकलेली बाई, पण जीभ तिशीतली. प्रत्येक नवा निबंध बाई घरी आणत, आणि सासूबाई भिंग घेऊन पहिलं पान पालथं घालत.

"अगं, तुझं नाव कुठंय?"

"मागच्या पानावर आहे, आई. आभारात."

"आभार तर मी दूधवाल्याचे पण मानते," सासूबाई म्हणत. "त्याला काय मी घराच्या पाटीवर घालते?"

यावर बाई हसत. पण चोवीस वर्षं तेच तेच हसणं सोपं नसतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर. सर वाईट नव्हते, हे सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार सोपी होईल. बाईंच्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा सर स्वतः दवाखान्यात येऊन बसले होते. पण सरांना निवृत्तीच्या आत एक मोठी गोष्ट करायची होती. त्यांना दोन रेणूंमधला बंध डोळ्यांनी दाखवायचा होता. रेणूच्या आतले बंध चित्रात दिसतातच. पण शेजारी शेजारी बसलेले दोन रेणू एकमेकांना हलकेच धरून असतात, ती पकड कोणी पाहिली आहे? एका रेणूचा नायट्रोजन, दुसऱ्याचा हायड्रोजन आणि मधे ती नाजूक ओढ. पुस्तकात ती ठिपक्याठिपक्यांनी दाखवतात. सरांना ठिपक्यांच्या जागी खरी रेघ हवी होती.

त्यासाठी त्यांनी एक संशोधक मुलगी घेतली. हुशार, पण सदा पळत असलेली. चहासुद्धा उभ्याने पिणारी. बाई मनातल्या मनात तिला धांदल म्हणत. तिची शिष्यवृत्ती संपत आलेली आणि हातात अजून काही नाही. तिचंही खरंच होतं.

एका रविवारी दुपारी, सगळी इमारत रिकामी असताना, बाईंनी टोक तयार करून दिलं. फार सुरेख टोक लागलं त्या दिवशी. धांदल पडद्यापुढे बसली, बाई मागे उभ्या. ओळीमागून ओळ उतरत गेली. आधी एक रेणू, मग दुसरा, आणि मग दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक रेघ. बारीक, सरळ, उजळ. जिथे असायला हवी तिथेच.

धांदलने तोंडावर हात दाबला, कारण ओरडायची सोय नव्हती. मग मागे वळून तिने बाईंना मिठी मारली. "बाई, दिसला! बंध दिसला!"

बाईंचेही डोळे भरून आले. खोटं कशाला सांगा? पण भरल्या डोळ्यांनीच त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना काहीतरी खुपलं. रेघ फारच छान होती. रेणूच्या आतल्या पक्क्या बंधांइतकी ठळक. आता ही ओढ तर त्यांच्या मानाने अगदी दुबळी. दुबळ्याची रेघ बळकटाएवढी कशी?

पुढचा आठवडाभर बाईंनी ते टोक कोणाला हलवू दिलं नाही. आणि पुढच्या रविवारी, कोणाला न सांगता, त्या एकट्याच जाऊन बसल्या. तांब्यावर हिंडत हिंडत त्यांनी एक कोपरा शोधून काढला. तिथे चार रेणू दाटीवाटीने असे बसले होते, की दोघांचे नायट्रोजन समोरासमोर आले होते. नायट्रोजन आणि नायट्रोजन यांच्यात ओढ नसतेच. असलं तर हाडवैर. तिथे बंध असणं शक्य नाही, हे कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेलं पोरसुद्धा सांगेल. बाईंनी त्यावरून सुई फिरवली.

तिथेही रेघ आली. तशीच सरळ, तशीच उजळ.

बाईंना आता सगळं कळलं. टोकाला लावलेला तो रेणू काही खिळ्यासारखा घट्ट नसतो. तो कलतो. गर्दीत दोन माणसांमधून वाट काढताना आपण कसं अंग चोरतो, तसा तो दोन अणूंच्या फटीत शिरताना अंग चोरतो. त्याच्या त्या कलण्याची खूण पडद्यावर रेघ होऊन उमटते. खाली बंध असो की नसो. म्हणजे सरांनी आयुष्यभर वाट पाहिलेली रेघ रेणूंची नव्हतीच. ती सुईची होती. आणि सुईची खोड सुईबाईंना नाही ओळखू येणार तर कोणाला?

सोमवारी सकाळी त्या चित्र छापून सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, ही रेघ मला पटत नाही."

"म्हणजे?"

"इथे नायट्रोजनसमोर नायट्रोजन आहे. इथे बंध नाही. तरी रेघ आहे. टोकाचा रेणू कलतोय, सर. त्याचीच ही रेघ. मग आपली पण तीच असणार."

सर चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. एवढा वेळ, की बाईंना वाटलं, पटलं.

"ह्या दिवशी टोक बिघडलं असेल," सर म्हणाले.

"टोक तेच आहे. मी हलू दिलं नाही."

"बाई, गणित जुळतंय. आपल्या गणितवाल्यांनी सगळं काढलंय. बंध तिथेच यायला हवा आणि तिथेच आलाय. हा तुमचा कोपरा अपवाद आहे. त्याचं नंतर बघू." त्यांनी चित्र टेबलावर पालथं ठेवलं. मग चष्मा काढून पुसला आणि अगदी सहज म्हणाले, "आणि हो, सांगायचं राहिलं. ह्या निबंधात तुमचं नाव घालतोय. आभारात नाही. वर. लेखकांत."

बाई उभ्याच राहिल्या.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बाईंना पाठीशी घालायचा माझा विचार नाही. सरांनी हे नाव लाच म्हणून दिलं का? मला वाटत नाही. नाव घालायचं त्यांनी आधीच ठरवलं असेल. ते तसे माणूस होते. पण बाईंनी ते कसं घेतलं, हा प्रश्न आहे. त्यांना अजून दोन वाक्यं बोलायची होती. रेघ छापू नका, हे एक. निदान ह्या कोपऱ्याचं चित्र सोबत छापा, हे दुसरं. दोन्ही जिभेवर आलेली होती. बाई म्हणाल्या, "बरं सर." आणि बाहेर आल्या.

मूग गिळणं म्हणतात ते हेच. त्या दिवशी बाईंनी मूठभर गिळले.

निबंध छापला गेला, मोठ्या नियतकालिकात, मुखपृष्ठावर रेघेसकट. चार नावं : सर, धांदल, गणितवाले आणि सुईबाई. शेवटी नियमाप्रमाणे कोणी काय केलं त्याची यादी असते. त्यात बाईंपुढे दोनच शब्द होते : 'टोकाची तयारी.'

घरी सासूबाईंनी भिंग लावून नाव वाचलं, मग भिंग काढून वाचलं. "बारीकच आहे," त्या म्हणाल्या, "पण आहे." एवढं म्हणून त्यांनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला; लग्नानंतरच्या सत्तावीस वर्षांत दुसऱ्यांदा. यजमानांनी वर्कशॉपमधल्या जुन्या दोस्तांना फोन करकरून, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमच्या हिचं नाव छापून आलंय! हो, शास्त्रात! मला काय कळणार त्यातलं, पण आलंय!" बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांना आनंद झाला नव्हता असं नाही. झाला होता, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

वर्ष-सव्वा वर्ष बरं गेलं. धांदलला नोकरी लागली, सर देशोदेशी भाषणं देऊन आले. बाई मात्र दर महिन्याला नवा अंक आला की आधी अनुक्रमणिका बघत. चोराच्या मनात चांदणं.

आणि मग तो अंक आला. दूरच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेने नायट्रोजनसमोर नायट्रोजन बसवून दाखवला होता. तिथेही रेघ, अगदी तशीच. टोकाचा रेणू कसा आणि किती कलतो, त्याचं गणितही सोबत दिलेलं. शेवटी सभ्य भाषेत एक वाक्य : 'यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या अशा रेघांचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.' बाईंनी तो निबंध उभ्या उभ्या वाचला आणि त्यांना आधी काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. झालं एकदाचं.

कुठलं झालं! महिनाभर पत्रापत्री झाली, आणि निबंध मागे घ्यायचं ठरलं. सरांनी तिघांना खोलीत बोलावलं आणि मजकूर वाचून दाखवला : 'पुनर्तपासणीत असे आढळून आले, की सदर मोजणीत सुईच्या टोकाची तयारी सदोष होती. त्यामुळे चित्रात आभासी रेघ निर्माण झाली. सबब लेखक हा निबंध मागे घेत आहेत.'

गणितवाले खिडकीबाहेर बघत होते. धांदल सुट्टी काढून आली होती. ती मोबाइल उलटसुलट करत होती.

"टोकाची तयारी सदोष नव्हती," बाई म्हणाल्या. नेहमीसारख्या हळूच.

"बाई, हा नुसता शब्दांचा प्रश्न आहे."

"यादीत 'टोकाची तयारी' एकाच माणसापुढे आहे, सर."

"कोणी एवढं बारीक वाचत नाही."

"आमच्या घरी वाचतात."

सर कसनुसे हसले. बाई हसल्या नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांच्या ओठांवर आली होती, ती त्यांनी परतवली. त्या म्हणाल्या, "टोक चांगलं होतं. आजवर लागलेल्या सगळ्यांत चांगलं होतं. चांगलं टोकसुद्धा कलतं. कुणाचंही कललं असतं. आपण ते ओळखलं नाही, असं लिहा ना. चूक वाचण्यात झाली, करण्यात नाही."

"'ओळखलं नाही' असं कसं लिहू?" सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "म्हणजे माझं सगळं काम संशयात. तिची नोकरी संशयात. टोक बिघडलं म्हटलं की एक दिवस बिघडला, एवढ्यावर भागतं."

"मी तुम्हाला तो कोपरा दाखवला होता."

हे वाक्य बोलायला नको होतं, असं बाईंना पुढे कितीदा वाटलं असेल. सरांनी चष्मा काढला.

"दाखवला होतात. खरं आहे. मी ऐकलं नाही, ही माझी चूक. पण तुम्हाला माहीत होतं ना, बाई? मग नाव का राहू दिलंत?"

धांदलने पहिल्यांदाच मान वर केली आणि बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. फक्त, 'तुम्हीसुद्धा?' एवढंच होतं. राग परवडला असता.

नियतकालिकाकडून प्रत्येक लेखकाला वेगळा फॉर्म आला. खरं तर बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना वेगळं, नावानिशी विचारलं होतं. फॉर्मवर सरांचा मजकूर आणि खाली दोन चौकोन : सहमत, असहमत.

बाई दोन दिवस त्या फॉर्मपुढे बसल्या. तिसऱ्या दिवशी यजमानांनी विचारलं, "एवढं काय आहे त्यात?" बाईंनी सांगितलं. दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

"मग नको करूस सही," यजमान म्हणाले. "मी तीस वर्षांत एकदाच केली होती अशी. ब्रेक नीट लावलेले असताना, लावले नव्हते म्हणून. साहेब म्हणाला, नुसता कागद आहे. अजून झोपेत ते ब्रेक तपासत असतो."

"पण रेघ खोटीच आहे हो."

"रेघ खोटी असेल. सुई तर खरी होती ना?"

बाईंनी 'असहमत'वर खूण केली. खाली कारणांसाठी जागा होती, त्यात पाऊण पान लिहिलं : रेघ आभासी आहे हे मान्य, निबंध मागे घ्यायलाच हवा, पण टोक सदोष नव्हतं, दिलेलं कारण चूक आहे. सगळं लिहिलं. एकच वाक्य लिहिलं नाही. हे आपल्याला छापायच्या आधीच कळलं होतं, ते.

संपादकांकडून दोन ओळींचं उत्तर आलं. लेखकांमधल्या आपसातल्या मतभेदांना सूचनेत जागा देता येत नाही. मजकूर प्रमुख लेखकांचाच राहील; आपली असहमती मात्र नियमानुसार नोंदवली जाईल.

आणि नोंदवली गेली. निबंधाच्या पहिल्या पानावर आता लाल अक्षरांत आडवं छापून आलं : 'मागे घेतलेला.' त्याखाली सरांचा मजकूर, 'टोकाची तयारी सदोष' ह्या शब्दांसकट. आणि अगदी शेवटी : 'चारपैकी तीन लेखक निबंध मागे घेण्यास सहमत आहेत. एक लेखिका सहमत नाहीत.' पुढे नाव. पूर्ण नाव, कुठेही आद्याक्षरावर न भागवलेलं.

आगीतून फुफाट्यात पडणं ते याहून काय वेगळं असतं? त्या खोलीत ती रेघ खोटी आहे हे सगळ्यांच्या आधी जिला कळलं, ती जगात एकटीच आता त्या रेघेला चिकटून बसलेली ठरली. मधल्या चहाला शेजारच्या प्रयोगशाळेतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही बघ. सुई बिघडवली ती बिघडवली, वर मान्य पण करत नाही." बाई पाठमोऱ्या कप विसळत होत्या. त्यांनी कप विसळून पालथा ठेवला आणि खाली तळघरात गेल्या. तिथेही आता त्यांना फक्त हेलियम भरायचं काम होतं. टोक आता नव्याने रुजू झालेले एक गृहस्थ लावत, दोन-दोन दिवस घेऊन.

काही आठवड्यांनी बाईंना ईमेलने एक पत्र आलं. ज्यांनी ती रेघ खोटी ठरवली, त्या दूरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी ते स्वतः लिहिलं होतं. फार आदराने लिहिलं होतं. 'आपण अजूनही त्या रेघेवर ठाम आहात असं सूचनेवरून दिसतं. आपला अनुभव मोठा आहे, तेव्हा आपल्याला मुद्दा समजावून सांगायची संधी मिळावी.' आणि मग तीन पानं. टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा रेणू कसा लावतात. तो ताठ का राहत नाही. फटीत शिरताना कोणत्या बाजूला कलतो. सोबत आकृत्या, बाण काढून, न कळणाऱ्यालाही कळावं अशा.

सुईबाईंनी तिन्ही पानं वाचली. एक चूक सापडली नाही. लिहिणारीचा हात चांगला होता, हे त्यांना आकृत्यांवरूनच कळलं; टोकाजवळ गेल्यावर थांबणारी बाई असणार. अशा बाईशी दोन तास बोलायला मिळावं म्हणून त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं.

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. 'तुमचं बरोबर आहे,' असं लिहिलं. मग लिहिलं, 'मला हे छापायच्या आधीपासून माहीत होतं.' ते वाचल्यावर शहाणी बाई पहिला प्रश्न काय विचारील, ते त्यांना पाठ होतं. मग नाव का राहू दिलंत?

त्यांनी दुसरं वाक्य खोडलं आणि पहिलं पाठवून दिलं.

उत्तर दहा मिनिटांत आलं. 'मनापासून अभिनंदन,' असं लिहिलं होतं. 'इतक्या उशिरा का होईना, आपली चूक कबूल करायला फार मोठं मन लागतं.'

बाईंनी आभार मानले.